बारा मिलिमीटरची जागा

माउंटन बाइकच्या फ्रेममधली सर्वांत अडचणीची जागा मागच्या चाकाच्या पुढच्या कडेपाशी असते. मागच्या चाकाच्या आसापासून पायडलच्या आसापर्यंत दोन बाजूंनी दोन नळ्या येतात. त्यांना चेनस्टे म्हणतात. एका अंगाला रुंद टायर, दुसऱ्या अंगाला चेन ओढणारं दातेरी चक्र, आणि या दोघांच्या मधून चेनस्टेला वाट काढायची असते. आकडे मांडून बघावेत. २९ इंची चाकावर सुमारे ६० मिमी रुंदीचा टायर चढवला की चाकाची त्रिज्या ३७० मिमीच्या आसपास जाते. चढावर मागच्या चाकाची पकड सुटू नये आणि अरुंद वळणात सायकल चटकन फिरावी, म्हणून चेनस्टे ४३० मिमी ठेवायची ठरवली, तर टायरची कड पायडलच्या आसापासून ६० मिमीवर येते. ३२ दात्यांच्या चक्राची त्रिज्याच ६५ मिमी असते. म्हणजे बाजूने पाहिलं तर चक्र आणि टायर एकमेकांवर चढलेले दिसतात. वरून पाहिलं, टायर थोडा डुलेल आणि त्याला चिखल लागेल एवढी जागा सोडली, तर त्या दोघांमध्ये उरतात दहा-बारा मिलिमीटर. आणि बसवायची नळी साधारण २२ मिमी व्यासाची असते.

यावर उपाय आहेत. नळी तेवढ्या जागी दाबून चपटी करता येते. नळी आधीच संपवून तिथं जाड पोलादी पट्टी जोडता येते. मुळात चेनस्टे लांब ठेवता येते, किंवा बारीक टायर वापरायला सांगता येतं. प्रत्येक उपायाची किंमत मोजावी लागते: चपट्या नळीचा ताठपणा जातो, पट्टीचं वजन वाढतं, लांब चेनस्टेने सायकल सुस्तावते. मोठा कारखाना हा निर्णय एका मॉडेलसाठी एकदा घेतो आणि तो हजारो लोकांना लागू होतो. एका खोलीच्या वर्कशॉपमध्ये, मापानुसार फ्रेम घडवणारा कारागीर तो दर फ्रेमला नव्याने घेतो, कारण त्याला त्या सायकलवर कोण बसणार हे माहीत असतं. ओल्या मातीच्या जंगलात फिरणाऱ्याला तो जागा जास्त सोडेल. कोरड्या खडकाळ उतारांवरच्या माणसाला चेनस्टे आखूड देईल.

या छोट्या वर्कशॉपकडे हौसेची, श्रीमंती चोचल्यांची जागा म्हणून पाहिलं जातं, ते मला पटत नाही. माउंटन बाइक नावाची वस्तू आधी अशाच वर्कशॉपमध्ये घडली आणि कारखान्यात नंतर गेली.

सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला मरिन काउंटी आहे. तिथल्या टॅमलपायस डोंगराच्या आसपास १९७०च्या दशकात काही तरुण जुन्या श्विन एक्सेलसिअर सायकली घेऊन कच्च्या रस्त्यांनी उतरत असत. या सायकली १९३० आणि ४०च्या दशकांतल्या, जाडजूड, फुगीर टायरच्या, बहुतेक भंगारातून आणलेल्या. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी फेअरफॅक्स गावाजवळच्या उतारावर त्यांची पहिली शर्यत झाली. चार्ली केली तिचे संयोजक होते. सव्वातीन किलोमीटरपेक्षा कमी अंतरात हा रस्ता जवळजवळ ४०० मीटर खाली उतरतो. मागच्या चाकात, पायडल उलटं दाबून लागणारा ब्रेक असे. खाली पोचेपर्यंत त्याच्यातलं ग्रीस जळून धूर निघे आणि हब उघडून नव्याने ग्रीस भरावं लागे. त्यावरूनच त्या उताराला ‘रीपॅक’ हे नाव पडलं.

जुन्या फ्रेम या माराला टिकत नव्हत्या. तुटल्या की दुसरी शोधायची, आणि शोधून सापडणाऱ्या एक्सेलसिअर दिवसेंदिवस कमी होत होत्या. केली यांनी जो ब्रीझ यांना या कामासाठीच नवी फ्रेम बांधायला सांगितलं. ब्रीझ स्वतः रीपॅकच्या पहिल्या रांगेतले स्पर्धक. त्यांचे वडील रेसिंगच्या मोटारी बांधत. स्वतः ब्रीझ यांनी १९७४ मध्ये अल्बर्ट आयझेनट्राउट या नामांकित कारागिराकडे रस्त्यावरच्या सायकलींच्या फ्रेमचं शिक्षण घेतलं होतं. १९७७ मध्ये त्यांची पहिली ‘ब्रीझर’ तयार झाली. ज्या कोनांवर एक्सेलसिअर उतारावर स्थिर राहत होती ते कोन त्यांनी तसेच घेतले, पण नळ्या क्रोमोली पोलादाच्या वापरल्या, आणि हँडलखालच्या उभ्या नळीपासून, म्हणजे हेड ट्यूबपासून, मागच्या चाकाच्या आसापर्यंत दोन तिरप्या जादा नळ्या घातल्या. या सायकलवर ब्रीझ यांनी रीपॅक जिंकली. पुढच्या वर्षापर्यंत अशा दहा सायकली झाल्या. पहिली आज स्मिथसोनियनच्या संग्रहात आहे.

त्या दोन जादा नळ्या पुढे नाहीशा झाल्या. मोठ्या व्यासाच्या नळ्या वापरल्या की त्यांची गरज उरत नाही, हे लवकरच लक्षात आलं. पण ते लक्षात येण्यासाठी कुणीतरी आधी त्या घालून, त्यांच्यासह खडकांवरून खाली उतरायला हवं होतं.

किशोरवयापासून फ्रेम बांधणाऱ्या टॉम रिची यांनी ब्रीझर पाहिली आणि १९७९ मध्ये त्यांच्या माउंटन फ्रेम तयार होऊ लागल्या. गॅरी फिशर आणि चार्ली केली त्यावर सुटे भाग चढवून विकू लागले. त्यांच्या छोट्या कंपनीचं नावच ‘माउंटनबाइक्स’ होतं. एका सायकलची किंमत सुमारे १३०० डॉलर होती. १९८१ मध्ये स्पेशलाइज्ड कंपनीने जपानमध्ये बनवून घेतलेली ‘स्टंपजंपर’ ७५० डॉलरला बाजारात आणली. तिची भूमिती रिची यांच्या फ्रेमवरून घेतलेली होती. लाखो लोकांपर्यंत ही सायकल कारखान्यांनीच पोचवली, यात शंका नाही. त्यांनी जे पोचवलं ते मात्र दोन-तीन माणसांनी हाताने ठरवलेलं होतं.

त्याच परिसरात १९७९ मध्येच चार्ली कनिंगहॅम यांनी वेगळी वाट धरली. पातळ पण मोठ्या व्यासाच्या ॲल्युमिनियम नळ्यांची फ्रेम त्यांनी स्वतः बांधली. त्यांनी बांधलेल्या सायकलवर जॅकी फेलन १९८३ ते १९८५ अशी सलग तीन वर्षं अमेरिकेच्या राष्ट्रीय विजेत्या झाल्या. त्या काळात स्त्रियांसाठी वेगळा विचार करणारी माउंटन बाइक दुकानात मिळत नव्हती.

इथं नळ्यांबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण या विषयावर गैरसमज फार आहेत. महागडं पोलाद जास्त ताठ असतं असं अनेकांना वाटतं. तसं नसतं. साधं असो की मिश्रधातूचं, सर्व पोलादांचा ताठपणा जवळजवळ सारखाच असतो. एक टक्का क्रोमियम आणि त्याहून कमी मॉलिब्डेनम मिसळलेल्या क्रोमोलीची ताकद जास्त असते, म्हणून त्याची नळी पातळ करता येते आणि वजन वाचतं. ताठपणा मुख्यतः व्यासातून येतो. जाडी तेवढीच ठेवून नळी २८.६ मिमीवरून ३५ मिमी केली, तर वजन साधारण बावीस टक्के वाढतं, पण वाकण्याला होणारा विरोध ऐंशी टक्क्यांहून जास्त वाढतो. साठ किलोचा माणूस आणि शंभर किलोचा माणूस यांना एकाच नळीची फ्रेम देणं किती चुकीचं आहे, हे या एका हिशेबावरून कळतं. हलक्या माणसाला ती लाकडी वाटते, जड माणसाखाली ती पिळवटते.

नळीची भिंतही सर्वत्र सारखी नसते. टोकाला, जिथे जोड येणार आणि आच लागणार, तिथे ती ०.८ मिमी जाड असते आणि मधल्या भागात ०.५ मिमी. बाहेरून मात्र नळी सरळसोट दिसते. ही युक्ती बर्मिंगहॅमच्या रेनॉल्ड्स कुटुंबाची. मुळात खिळे बनवणाऱ्या या घराण्याने १८९७ मध्ये तिचं पेटंट घेतलं. पुढे १९२८ मध्ये रेनॉल्ड्स ज्या ट्यूब इन्व्हेस्टमेंट्स समूहात गेली, त्याच समूहाने मद्रासच्या मुरुगप्पा घराण्याबरोबर १९४९ मध्ये टीआय सायकल्स काढली. आपल्याकडे दूधवाल्यापासून शिक्षकापर्यंत अनेकांनी चालवलेली हर्क्युलिस तिथली.

वर्कशॉपमधलं काम कागदावर सुरू होतं. पूर्वी खाकी कागदावर खऱ्या मापाचं चित्र काढत, आता बरेच जण संगणकावर काढतात. उंची, पायाची आणि हाताची लांबी ही मापं सोपी. कठीण भाग म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याचा जमिनीशी होणारा कोन. १९९०च्या दशकातल्या स्पर्धेच्या सायकलींवर तो ७१ अंशांच्या आसपास असे, आता उतारासाठीच्या हार्डटेलवर, म्हणजे मागे सस्पेन्शन नसलेल्या सायकलवर, तो ६५च्या जवळ आला आहे. त्यात चिमट्यात सस्पेन्शन. १२० मिमी दबणारा चिमटा माणूस नुसता बसला तरी तीसेक मिमी खाली जातो आणि फ्रेमचे सर्व कोन सुमारे दीड अंशाने बदलतात. म्हणून जाणता कारागीर बसलेल्या माणसासकट सायकल काढतो. कागदावर रिकामी दिसणारी देखणी सायकल डोंगरावर कुणी चालवत नाही.

मग नळीच्या टोकाला दुसऱ्या नळीवर बरोबर बसेल अशी खोबण पाडायची. मिलिंग मशीन असेल तर मिनिटांचं काम, नाहीतर हॅक्सॉ आणि अर्धगोल कानस. दोन नळ्या एकमेकींना भिडवून उजेडासमोर धरल्या की फटीतून प्रकाश येता कामा नये. फट राहिली तर तिथं भरलेला धातू थंड होताना आकसतो आणि नळीला आपल्याकडे ओढतो, मग फ्रेम वाकडी होते. जोडकामात जे बिघडलेलं दिसतं, त्यातलं बरंचसं आधी कानशीत बिघडलेलं असतं.

जोडण्याच्या दोन मुख्य रीती आहेत. टिग वेल्डिंगमध्ये आर्गॉन वायूच्या आच्छादनाखाली नळीचा धातूच वितळतो. झाळकामात पोलाद वितळत नाही. ऑक्सि-ॲसिटिलीनच्या ज्योतीने जोड लालसर नारिंगी होईपर्यंत तापवायचा, टाकणखाराच्या जातीचा फ्लक्स काचेसारखा पातळ झाला की पितळेची कांडी टेकवायची. साधारण ९०० अंश सेल्सिअसला पितळ वाहू लागतं आणि फटीत आपसूक ओढलं जातं. नंतर त्याच पितळेचा थर देऊन दोन नळ्यांमधला कोपरा गोलाई घेत भरायचा. आच कमी पडली तर पितळ वरच बसतं, आतली पकड होत नाही. जास्त झाली तर पितळेतलं जस्त पांढऱ्या धुराने उडून जातं. प्रत्येक बंद नळीला आधी बारीक भोक पाडून ठेवावं लागतं, नाहीतर आत तापलेली हवा फुगून वितळलेल्या पितळेतून फुटून बाहेर येते. सगळं झालं की गरम पाण्यात फ्लक्स विरघळवायचा आणि गोल कानशीने, मग पॉलिश पेपरच्या पट्टीने तो कोपरा इतका साफ करायचा की नळी कुठे संपली आणि जोड कुठे सुरू झाला हे बोटाला कळू नये. रिची आणि स्टीव्ह पॉट्स यांची नावं याच कामाने झाली.

टिग झटपट होतं, हलकं पडतं आणि कारखान्यांनी तेच उचललं. मजबुतीत दोन्ही रीती योग्य हातात सारख्याच विश्वासाच्या आहेत. मला स्वतःला झाळकाम जास्त आवडतं, कारण त्यात आकार हाताने शेवटपर्यंत दुरुस्त करता येतो.

या धंद्यात पैसा बेताचाच. मॅसॅच्युसेट्समधल्या सॉमरव्हिल इथं क्रिस चान्स यांनी १९८२ मध्ये फॅट सिटी सायकल्स सुरू केली. तिची ‘यो एडी’ ही फ्रेम आजही लोक जपून ठेवतात. १९९०च्या दशकाच्या मध्यावर तिथलं वर्कशॉप बंद झालं, तेव्हा तिथल्या काही कामगारांनी १९९५ मध्ये स्वतःच्या मालकीची इंडिपेंडंट फॅब्रिकेशन काढली. हात शिकलेले होते, तेवढ्या भांडवलावर.

कारखान्याकडे एक गोष्ट आहे जी या वर्कशॉपकडे नाही: तोडून पाहण्याची ऐपत. आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ ४२१० नुसार माउंटन बाइकच्या फ्रेमवर पायडलचा जोर एक लाख वेळा देऊन ती तपासतात. दर फ्रेम वेगळी बांधणाऱ्याला दर फ्रेमची दुसरी प्रत तोडणं परवडत नाही. त्याऐवजी तो जरा जाड नळी निवडतो, हेड ट्यूबजवळ, तिथून पायडलकडे उतरणाऱ्या डाउन ट्यूबखाली पोलादी कोपरा बसवतो, आणि दुरुस्तीला आलेल्या फ्रेम बारकाईने पाहतो. चीर बहुधा जोडाला लागून, तापून मऊ झालेल्या पट्ट्यात सापडते, तर कधी केबलसाठी पाडलेल्या भोकापासून निघते. पोलादाची फ्रेम असेल तर तो खराब नळी कापतो, जोड पुन्हा तापवून उरलेला तुकडा काढतो, नवी नळी खोबण पाडून बसवतो, आणि सायकल आठवड्याभरात पुन्हा रंगाला जाते. भोक कुठं होतं, भिंत किती जाड होती, चालवणारा किती वजनाचा होता, हे तो वहीत टिपतो. पुढच्या माणसाच्या फ्रेमवर ते भोक नळीच्या ताण कमी असलेल्या बाजूला गेलेलं असतं.