तिथी असलेला अतिथी

परीक्षेचा अर्ज एक दिवस उशिरा घेऊन येणाऱ्या विद्यार्थ्याला मी वर्षानुवर्षे एकच वाक्य ऐकवत आलो आहे : "अरे, मुदत म्हणजे मुदत!" हेच वाक्य एके दिवशी परमुलखात, परक्या कचेरीच्या बाकावर बसून आपल्यालाच आठवावे लागेल, असे मात्र कधी स्वप्नातही आले नव्हते.

2019 सालची गोष्ट. बिनपगारी रजा काढून आम्ही उभयता सहा महिन्यांच्या प्रवासाला निघालो होतो. 26 ऑगस्टला थायलंडात उतरलो आणि हिंडत हिंडत उत्तरेकडच्या चिआंग माई शहरी येऊन विसावलो. तिथून मेकाँग नदी ओलांडून लाओसमध्ये जायचा बेत होता. पण 19 ऑक्टोबरला डोई सुतेपच्या मंदिराच्या पायऱ्या उतरताना हिचा पाय घसरला. पायऱ्या चांगल्या तीनशेहून अधिक. घसरली शेवटच्या चौथीवर! घोट्याला प्लॅस्टर बसले आणि डॉक्टरांनी तीन आठवडे पाय जमिनीला टेकायचा नाही म्हणून बजावले. मी धीर दिला, "काळजी कशाला? आपला विसा 15 नोव्हेंबरपर्यंत आहे."

मंगळवारी, 22 तारखेला, वाचायला दुसरे काही उरले नाही म्हणून ही पासपोर्ट चाळत पडली होती. एकाएकी म्हणाली, "अहो, हा शिक्का पाहिलात का? यावर तर 24 ऑक्टोबर आहे!"

थाई भाषेत पासपोर्टला जो शब्द आहे, त्याचा अर्थ 'वाट चालण्याचे पुस्तक' असा होतो. जन्मभर पुस्तके शिकवणाऱ्या माणसाने नेमके हेच पुस्तक नीट वाचले नव्हते. विसावरची तारीख ही देशात पाऊल टाकण्याची मुदत असते. राहण्याची मुदत सांगतो तो प्रवेशाच्या वेळी अधिकाऱ्याने उमटवलेला शिक्का. लग्नपत्रिकेवरचा मुहूर्त निराळा आणि मांडवातून उठायची वेळ निराळी, तसेच हे. आम्हाला साठ दिवस मिळाले होते आणि त्यात उतरल्याचा दिवसही धरलेला होता.

"म्हणजे परवापर्यंत वेळ आहे," मी म्हणालो. घरमालकीणबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बोट दाखवले. उद्या 23 ऑक्टोबर. राजा चुलालोंगकोर्न 1910 साली त्या दिवशी वारले. त्यांच्या पुण्यतिथीला सगळ्या सरकारी कचेऱ्या बंद. राहता राहिला शेवटचा दिवस, आणि त्या दिवशी एखादा कागद कमी पडला तर? मुदतीबाहेरच्या दर दिवसाला 500 बाथ दंड. तो भरता आला असता. पण पासपोर्टवर राहणारी ती नोंद पुढच्या प्रत्येक देशाच्या दारात वाचली गेली असती. शिवाय ज्याचा अर्ज त्याने स्वतः हजर राहायचे. तेव्हा प्लॅस्टरचा पाय उशीवर ठेवून हिला सोंगथाऊत बसवली. सोंगथाऊ म्हणजे मागे दोन बाके टाकलेली तांबडी गाडी. तिच्यातून आम्ही विमानतळाजवळच्या कचेरीत पोहोचलो.

टी.एम. 7 नावाचा अर्ज, त्यावर चार बाय सहा सेंटिमीटरचा फोटो, पासपोर्टच्या, विसाच्या आणि प्रवेशाच्या शिक्क्याच्या प्रती, प्रत्येक प्रतीवर सही, आणि माणशी 1,900 बाथ. मुदतवाढीचे कारण लिहायच्या ओळीवर मी प्राचीन मंदिरांच्या शिल्पाविषयी सुबक इंग्रजी वाक्य जुळवू लागलो. ही म्हणाली, "पाय लिहा, पाय!"

दुपारी आमचा क्रमांक आला. खिडकीपलीकडच्या बाईंनी कागद तपासले आणि विचारले, "टी.एम. 30?" मी गोंधळलो. परदेशी पाहुणा घरी उतरला की यजमानाने चोवीस तासांच्या आत सरकारला कळवायचे, असा तिथल्या 1979 च्या कायद्याचा दंडक आहे. त्याची पावती हवी होती. मला एकदम आठवले, आम्ही राहायला आलो त्याच संध्याकाळी मालकीणबाईंनी आमचे पासपोर्ट मागून नेले होते आणि परत देताना एक चिटोरे हाती ठेवले होते. "फार चौकस बाई दिसते," असे मी हिच्याजवळ कुरकुरलोही होतो. ते चिटोरे कुठे गेले? घड्याळात साडेतीन वाजलेले, कचेरी साडेचारला बंद. मी सगळे खिसे उलटे केले. हिने शांतपणे पिशवीतून माझी कादंबरी काढली आणि एकशे बाराव्या पानावरची खूण माझ्या हाती दिली. तीच ती पावती!

अधिकारी बाई हसल्या नाहीत. मात्र सही घ्यायला त्या खुर्चीतून उठून, टेबलाला वळसा घालून हिच्या बाकापाशी आल्या. हिला उठू दिले नाही. थोड्या वेळाने नवा शिक्का पडला : 23 नोव्हेंबर. पैशांच्या पावतीवर साल होते बुद्ध शकाचे, 2562, आणि महिना 'तुलाकोम'. थाई महिन्यांची नावे आपल्याच राशींवरून पडली आहेत; तुलाकोम म्हणजे तुळेचे आगमन. परक्या कचेरीत आपल्या पंचांगातला शब्द भेटला आणि मन उगाच हलके झाले.

वर्गात मी शिकवतो, की ज्याच्या येण्याला तिथी नाही तो अतिथी. त्या बाकावर कळले, की या जगात आता पाहुण्याच्या जाण्याला तिथी असते आणि ती आधीच लिहिलेली असते. आपली म्हणही काही निराळे सांगत नाही : पहिल्या दिवशी पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई. सरकार निदान साठ दिवस थांबते! आपण चौकस ठरवलेल्या मालकीणबाईंनी यजमानाचे काम पहिल्याच दिवशी चोख केले होते. पाहुण्याचे एवढेच काम होते, की शिक्का वाचायचा. आणि तेच राहून गेले होते.

त्यानंतर नियम पुष्कळ बदलले. 2024 च्या जुलैत भारतीयांना तिथे विसावाचून साठ दिवसांची सवलत मिळाली. 2025 च्या मे महिन्यापासून प्रवेशाचे कार्ड निघण्यापूर्वीच संगणकावरून भरायचे झाले. सवलती येतात नि जातात. जाणाऱ्याने निघताना नियम ताजे पाहावेत आणि उतरल्यावर शिक्का तिथल्या तिथे वाचावा.

दिवाळी आम्ही चिआंग माईलाच केली; हिने बसल्या बसल्या पणत्यांच्या वाती वळल्या. पुढे 11 नोव्हेंबरला, कार्तिकी पौर्णिमेच्या सुमाराला, पिंग नदीवर केळीच्या सोपटाच्या द्रोणांतून दिवे सोडतात, ते पाहायला गेलो. आदल्याच दिवशी प्लॅस्टर निघाले होते. मालकीणबाईंनी एक द्रोण हिच्यासाठी स्वतः वळून आणला होता आणि पाण्याशी उतरताना हिचा हात घट्ट धरला होता.

20 नोव्हेंबरला आम्ही निघालो. तीन दिवस शिल्लक होते. आणि हल्ली कॉलेजात कुणी उशिरा अर्ज घेऊन आला, की "मुदत म्हणजे मुदत" मी अजूनही म्हणतो. पण आधी त्याला बसायला सांगतो.