गाडी हवा खाते तेव्हा

रत्नागिरीतल्या जुन्या मिस्त्रींना ‘इंजेक्शन’ म्हटले की डिझेलचा पंपच आठवतो. त्यात नवल नाही. मिरकरवाड्याच्या बंदरातले ट्रॉलर, एसटीच्या गाड्या, चिरे वाहणारे ट्रक, सारे डिझेलवर चालणारे. पंपावर नाव ‘मायको’. १९५१ साली सुरू झालेल्या या कंपनीचे नाव आता बॉश आहे, पण जुन्या माणसांच्या तोंडी मायकोच. पंप आणि नोझल यांच्यावर या मंडळींनी हयात घालवली, आणि मग पेट्रोलच्या गाड्यांतही इंजेक्शन येऊन ठेपले.

१९९८ मध्ये सँट्रो आणि मॅटिझ या छोट्या गाड्या ते घेऊनच बाजारात उतरल्या. एप्रिल १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरासाठी युरो निकषांचा आदेश दिला, १ एप्रिल २००० पासून पहिल्या टप्प्याचे निकष देशभर लागू झाले आणि कार्बोरेटर हळूहळू दिसेनासा झाला. त्या पहिल्या पिढीतल्या गाड्या आता पंचविशी ओलांडून गेल्या आहेत. कायद्याच्या भाषेत त्या ‘विंटेज’ नव्हेत; २०२१ च्या नियमांनुसार त्या मानासाठी वयाची पन्नास वर्षे पुरी व्हावी लागतात. पण मुंबईत वापरून झालेली गाडी ‘गावाला राहू दे’ म्हणून कोकणात धाडायची ही चाकरमान्यांची रीत असल्यामुळे आपल्याकडे बऱ्याच अंगणांत अशी एखादी उभी असते. आमच्याही अंगणात आहे, १९९९ ची. कंपनीचे नाव सांगत नाही, कारण हे दुखणे कुठल्या एका कंपनीचे नव्हे, वयाचे आहे.

दुखणे असे, की रेस दिली की गाडी झकास पळे. पाय काढला की रडू लागे. मारुती मंदिरच्या सर्कलला थांबावे तर इंजिनाचा आवाज झोपाळ्यासारखा वर जाई, खाली येई, पुन्हा वर. एसी लावला की बंदच. गॅरेजच्या भाषेत ‘स्लो बसत नाही’. एका गॅरेजवाल्याने नोझल साफ केले, पंप बदलला, आणि शेवटी ‘कॉम्प्युटर गेला’ असा निकाल दिला. नव्या कॉम्प्युटरची किंमत गाडीच्या किमतीइतकी. ‘भंगारात घाला, बाई,’ हा सल्ला मात्र फुकट. असा सल्ला ऐकून किती धडधाकट गाड्या भंगारवाल्याकडे गेल्या असतील!

मी शाळेत विज्ञान शिकवत असे. त्यामुळे मला एक प्रश्न स्वस्थ बसू देईना. गाडी धावताना जो कॉम्प्युटर ठीक असतो, तो उभी राहिल्यावरच कसा बिघडतो?

याचे उत्तर एका गैरसमजात आहे. आपण म्हणतो, अ‍ॅक्सिलरेटर दाबला की इंजिनाला पेट्रोल जास्त मिळते. डिझेलबाबत ते खरे आहे: तिथे हवा हवी तेवढी आत येते आणि पायाने आपण डिझेल कमी-जास्त करतो. पेट्रोलच्या गाडीत मात्र पाय उघडतो ती हवेची झडप, म्हणजे थ्रॉटल. किती हवा आली याचा अंदाज घेऊन कॉम्प्युटर त्या मापात पेट्रोल सोडतो. एक लिटर पेट्रोल नीट जळायला साधारण नऊ हजार लिटर हवा लागते. हे इंजिन आधी हवेवर जगते, मग पेट्रोलवर. डिझेलवर हात बसलेला मिस्त्री सवयीने नोझलकडे धावतो, आणि दुखणे असते हवेच्या वाटेवर.

पाय काढला की झडप जवळजवळ मिटते. इंजिनाचा श्वास मग शेजारच्या एका बारीक बोळातून चालतो आणि त्या बोळाच्या तोंडाशी कॉम्प्युटरच्या हुकमाने उघडमीट करणारा छोटा व्हॉल्व्ह असतो. या वेळी झडपेपलीकडच्या नळीतला दाब बाहेरच्या दाबाच्या तिसऱ्या हिश्शापर्यंत उतरलेला असतो, म्हणजे इंजिन अक्षरशः हवा ओढत असते. कुठे रबराला बारीकशी चीर असली तरी तिथून हवा आत घुसते. धावताना एवढ्या हवेत ती चिमूटभर कुठेच कळत नाही. उभे राहिल्यावर तीच भारी पडते.

माझा एक जुना विद्यार्थी मिरजोळ्याच्या एमआयडीसीत गॅरेज चालवतो. बोनेट उघडून तो मिनिटभर नुसता ऐकत उभा राहिला. म्हणाला, ‘बाई, कॉम्प्युटर नाय गेलेला. गाडी हवा खातेय.’

‘अरे, पण मग आवाज वर-खाली का होतो?’

त्याने सांगितले ते वर्गात फळ्यावर लिहावे असे होते. आमच्या गाडीत हवेचा दाब मोजणारा सेन्सर आहे. चोरवाटेने हवा आली की दाब वाढतो, कॉम्प्युटर तिच्या मापाने पेट्रोल देतो, इंजिनाचा वेग वाढतो. पण झडप तर मिटलेली! कॉम्प्युटरला वाटते, गाडी उतारावरून पाय काढून येते आहे. तो पेट्रोल तोडतो. वेग पडतो, तो घाईने पुन्हा पेट्रोल देतो. म्हणून तो झोपाळा. ज्या गाड्यांत दाबाऐवजी आत येणारी हवाच मोजली जाते, त्यांत चोरटी हवा मोजलीच जात नाही. तिथे झोपाळ्याऐवजी इंजिन थरथरते आणि मिसिंग मारते. म्हणजे रडण्याच्या तऱ्हेवरूनही दुखण्याचा माग लागतो.

त्याची तपासणीची रीत मला फार आवडली, कारण ती स्वस्ताकडून महागाकडे जाते. प्रथम बॅटरीची टोके आणि इंजिनाची अर्थिंगची वायर. खाऱ्या वाऱ्यात त्यांच्यावर हिरवी-पांढरी बुरशी चढते आणि सगळे सेन्सर खोटे बोलू लागतात. मग एक हातभर रबरी नळी कानाला लावून, पंख्यापासून जपून, दुसरे टोक एकेका सांध्यापाशी न्यायचे; चीर असेल तिथे सापासारखा फुत्कार ऐकू येतो. संशयाच्या जागी साबणाच्या पाण्याचे दोन थेंब टाकले आणि इंजिनाचा सूर बदलला तर चोर सापडला. ब्रेकच्या बूस्टरकडे जाणारी नळी पकडीत हलकेच दाबून पाहायची. एवढ्याला खर्च शून्य.

त्यानंतर थ्रॉटल बॉडी. इंजिनाच्या तेलाची वाफ येऊन झडपेच्या कडेला काळी काजळी बसते. ती क्लीनर फवारून मऊ फडक्याने पुसायची, खरवडायची नाही. आणि झडपेचा आधाराचा स्क्रू फिरवायचा नाही, हे त्याने तीनदा बजावले. कार्बोरेटरच्या काळची ‘स्क्रू पिळून स्लो वाढवून देतो’ ही सवय इथे घात करते. झडप किती मिटली आहे याचा कॉम्प्युटरचा हिशेबच चुकतो. झडपेचा सेन्सर तपासायला काट्याचा जुना मीटर बरा. झडप हळूहळू उघडताना काटा अर्ध्या व्होल्टच्या आसपासून चारच्या वर सरळ चढत गेला पाहिजे. मध्येच गचका खाल्ला तर सेन्सर झिजला. शिवाय पाण्याच्या तापमानाचा सेन्सर बिघडला असेल तर तापलेल्या इंजिनालाही कॉम्प्युटर थंड समजतो आणि पेट्रोल पाजत राहतो.

स्कॅनर का लावत नाहीस, असे मी विचारलेच. भारतात गाडीत स्वतःचे दोष नोंदवणारी यंत्रणा टप्प्याटप्प्याने २०१० आणि २०१३ पासून सक्तीची झाली. त्याआधीच्या गाड्यांचे प्लग ज्याचे त्याचे वेगळे. काहींत दोन पिना जोडल्या की डॅशबोर्डवरचा दिवा ठरावीक वेळा मिचकावून दोषाचा क्रमांक सांगतो, पण चिरलेली रबरी नळी त्यालाही दिसत नाही.

आमचा चोर निघाला इंजिनाची वाफ परत नेणाऱ्या नळीच्या कोपऱ्यात, खालच्या अंगाला. वरून नळी धडधाकट दिसत होती. नवी नळी चार वडापावांच्या किमतीत आली, आणि स्लो बसला.

यात पैशांपलीकडचाही प्रश्न आहे. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी आरटीओत नोंदणीचे नूतनीकरण करावे लागते. त्याची फी एप्रिल २०२२ मध्ये सहाशेची पाच हजार झाली आणि २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या गाड्यांसाठी आणखी वाढली. पीयूसीची तपासणीही इंजिन उभ्याउभ्या चालू ठेवूनच होते. ज्या गाडीचा स्लो बसत नाही, ती तिथेच अडते.

त्यात आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आले. काही जुन्या गाड्यांची रबरे आणि गास्केटे बदलावी लागतील, हे पेट्रोलियम मंत्रालयानेही २०२५ मध्ये मान्य केले. इथेनॉल हवेतला ओलावा शोषतो, आणि आपल्याकडे पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. मे महिन्यात उभी करून ठेवलेली गाडी गणपतीला सुरू करायची असेल, तर मे महिन्यातच एक करावे: जुने पेट्रोल टाकीत साठवून ठेवू नये, आणि शेजाऱ्यांकडे किल्ली देऊन पंधरवड्यातून एकदा ती मोकळ्या हवेत इंजिन पुरते तापेपर्यंत चालवायला सांगावी. ते जमले नसेल तर ताडपत्री काढल्यावर लगेच किल्ली फिरवू नये. आधी बोनेट उघडून उंदरांनी कोणत्या नळ्या कुरतडल्या ते बघावे, मग बॅटरीची टोके घासावीत, आणि त्यानंतरच स्टार्टर मारावा.