मण्डूकपर्णी : सावलीतील सदाहरित मेध्य वनस्पती

महाराष्ट्रात ‘ब्राह्मी’ या एकाच नावाने दोन भिन्न वनस्पती विकल्या जातात. वैद्याने एक लिहावी व रुग्णाच्या हाती दुसरी पडावी, असे त्यामुळे वारंवार घडते. दोन्ही मेध्य असल्या तरी त्या एक नव्हेत. त्यांचा भेद आम्ही येथे मांडीत आहोत.

ग्रंथाधार : चरकाचार्यांनी मेध्य रसायनांत मण्डूकपर्णीचा स्वरस प्रथम सांगितला. सुश्रुताचार्यांनी मेधायुष्कामीय अध्यायात मण्डूकपर्णी व ब्राह्मी यांचे प्रयोग स्वतंत्रपणे वर्णिले. भारतीय आयुर्वेदिक औषधिकोशानुसार मण्डूकपर्णी म्हणजे सेंटेला एशियाटिका व ब्राह्मी म्हणजे बॅकोपा मोनिएरी. चूर्णाची मात्रा पहिलीची ३ ते ६ ग्रॅम, तर दुसरीची १ ते ३ ग्रॅम आहे. म्हणजे मण्डूकपर्णीच्या मात्रेत ब्राह्मी दिली गेल्यास मळमळ व द्रवमलप्रवृत्ती संभवते. उलट झाल्यास मात्रा उणी पडते.

ओळख : मण्डूकपर्णीचे (कारिवणा) पान वृक्काकार, दंतुर कडांचे असून लांब देठ पानाच्या खाचेत जोडलेला असतो. भूमीवर सरपटणाऱ्या खोडाच्या पेरांना मुळे फुटतात. ब्राह्मीची पाने लहान, मांसल, बिनदेठाची व समोरासमोर असतात, चव कडू. रोपवाटिकेतील ज्या ‘ब्राह्मी’चा देठ छत्रीच्या दांड्यासारखा पानाच्या मध्यभागी जोडलेला असतो, ती या दोहोंपैकी एकही नव्हे, ती हायड्रोकोटाइल होय.

लागवड : ब्राह्मीस पाणथळ जागा व ऊन मानवते, मण्डूकपर्णीस झाडाखालची ओलसर सावली पुरते. मुळे फुटलेल्या पेरांचे तुकडे वीतभर अंतराने लावावेत. काही महिन्यांत त्या भूमी झाकून टाकतात व नियमित पाण्यावर वर्षभर हिरव्या राहतात. उन्हाळ्यात पाणी तुटल्यास मात्र सुकतात. स्वरसासाठी ताजे द्रव्य लागत असल्याने चिकित्सालयाच्या अंगणात असा वाफा असणे सोयीचे ठरते. सांडपाण्याच्या कडेची वनस्पती कदापि घेऊ नये. ती मातीतील जड धातू शोषून घेते.

औषधालयासाठी : चूर्ण झाल्यावर हा भेद डोळ्यांना कळत नाही. म्हणून चूर्णाऐवजी अखंड, सावलीत वाळविलेले पंचांग घ्यावे, पाने भिजवून पाहावीत व मगच कुटावे. बरणीवर आणि चिठ्ठीवर संस्कृत नावासह शास्त्रीय नाव लिहावे, अशी वैद्यबंधू व औषधविक्रेते यांना आमची विनंती आहे.