जाळीतून जाणारा वारा

उन्हाळ्यासाठी क्रोशाचा स्कार्फ करायचा ठरलं की पहिली फेरी दोऱ्याच्या दुकानात होते. रंग आवडतो, हाताला मऊ लागतं, गुंडे घेतले जातात आणि नमुना मग निवांत शोधला जातो. उष्णतेच्या शास्त्राच्या दृष्टीने हा क्रम उलटा हवा. जाळीदार स्कार्फमध्ये खरं काम करतं ते भोक. ते केवढं ठेवायचं हे आधी ठरवावं. दोरा, सुई आणि नमुना त्याच्या हिशेबाने निवडावेत.

आपलं शरीर सतत उष्णता तयार करत असतं. स्वस्थ बसलेल्या प्रौढ माणसाच्या अंगातून साधारण १०० वॉट उष्णता बाहेर पडते. त्वचेचं तापमान ३३ ते ३५ अंश सेल्सिअसच्या आसपास असतं, आणि भोवतालची हवा त्याहून थंड असेल तर ती ही उष्णता घेऊन जाते. अडचण अशी की त्वचेला लागून काही मिलिमीटर जाडीचा हवेचा थर जवळजवळ हलत नाही, आणि स्थिर हवा ही उष्णतेची फार मंद वाहक आहे. लोकरीची ऊब याच गुणावर उभी आहे; तंतूंच्या गुंत्यात हवा अडकून पडते आणि उष्णता आतच राहते. उन्हाळ्यात आपल्याला हा थर सारखा मोडत राहायला हवा असतो. शिवाय घाम आहेच. एक ग्रॅम घाम त्वचेवर वाळताना सुमारे २४०० ज्यूल उष्णता घेऊन जातो. निथळून पडलेला किंवा रुमालाने टिपलेला घाम हे काम करत नाही. तो अंगावरच वाळला पाहिजे, आणि त्यासाठी वाफेला बाहेर पडायला वाट पाहिजे.

मग भोकं असली की गारवा आलाच, असं मात्र नाही. १९३३ साली नॉर्वेच्या सैन्यातले अधिकारी हेन्रिक ब्रून यांनी मासेमारीच्या जाळ्यापासून अंगात घालायची बंडी तयार केली, आणि तीही थंडीसाठी! वरून वारा न शिरणारा कपडा चढवला की जाळीच्या भोकांमध्ये हवा कोंडते आणि ऊब टिकते. वरचा कपडा उघडला की त्याच भोकांतून घामाची वाफ बाहेर जाते. १९५३ च्या एव्हरेस्ट मोहिमेच्या सामानात अशा जाळीदार बंड्या होत्या. स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या शेटलंड बेटांवर विणल्या जाणाऱ्या लोकरीच्या लेस-शाली अंगठीतून आरपार ओढता येतात इतक्या तलम असतात, आणि तरीही उबदार असतात. म्हणजे वारा आरपार जाऊ शकला तरच जाळी गार. उन्हाळी स्कार्फ गळ्याभोवती तीन वेढे देऊन बांधला तर विणताना ठेवलेली सगळी भोकं बंद झाली असं समजावं.

आता सुईकडे वळू. दोन सुयांच्या विणकामात पूर्ण ओळीचे टाके सुईवर उघडे असतात. क्रोशात एका वेळी एकच फास उघडा असतो, बाकीचा प्रत्येक टाका जागच्या जागी बंद होत जातो. त्यामुळे मध्येच हवी तेवढी जागा मोकळी सोडता येते आणि शेजारचे टाके ओघळत नाहीत. एक खांब कसा उभा राहतो ते जवळून पाहण्यासारखं आहे. सुईवर एक फास असतो. सुईला दोऱ्याचा एक वेढा द्यायचा, सुई खालच्या ओळीच्या टाक्यात घालायची आणि आकड्याने दोरा ओढून आणायचा. सुईवर आता तीन फास झाले. दोरा घेऊन तो दोन फासांतून काढायचा, पुन्हा दोरा घेऊन उरलेल्या दोघांतून काढायचा. खांब तयार. त्याची उंची साधारण तीन साखळ्यांएवढी. मुका खांब जेमतेम एका साखळीएवढा बुटका, म्हणूनच त्याची वीण गच्च होते.

या खांबाच्या अंगात दोऱ्याचा एकच पदर नसतो, अनेक पदर एकमेकांना पीळ घालून बसलेले असतात. साध्या साखळीतही दोऱ्याचे तीन पदर शेजारी शेजारी येतात. म्हणून बारीक वाटणाऱ्या दोऱ्याचीही पट्टी बघता बघता त्याच्या दुप्पट-तिप्पट रुंद होते. खांबाला खांब लावत गेलं की मऊ पण जाड कापड तयार होतं. ते सोफ्यावर टाकायला छान, मे महिन्यात मानेवर नको. त्यापेक्षा जुना, सोपा जाळीचा नमुना घ्यावा: एक खांब, दोन साखळ्या, खालचे दोन टाके सोडून पुन्हा खांब. चौकोनी घरं पडत जातात.

या घरांचा हिशेब शाळेतल्या गणिताने होतो. खांबाच्या मध्यापासून पुढच्या खांबाच्या मध्यापर्यंत १० मिलिमीटर अंतर आणि दोऱ्याची पट्टी २ मिलिमीटर रुंद धरली, तर मोकळं भोक ८ बाय ८ मिलिमीटरचं. म्हणजे ६४ टक्के जागा मोकळी. पट्टी तेवढीच ठेवून घर ५ मिलिमीटरचं केलं तर भोक ३ बाय ३ चं, म्हणजे फक्त ३६ टक्के जागा मोकळी. घर निम्मं केल्यावर मोकळी जागाही जवळपास निम्म्यावर आली. पण वाऱ्याचं नुकसान त्याहून जास्त होतं. हवा भोकाच्या कडांना घासून मंदावते. एकूण मोकळी जागा तेवढीच ठेवून मोठ्या भोकाची अनेक बारीक भोकं केली, तर कडा वाढतात आणि हवा कमी जाते. घट्ट विणीच्या कापडाची छिद्रं मिलिमीटरच्याही लहानशा भागाएवढी असतात. त्यांतून वारा रेटून न्यावा लागतो. क्रोशाच्या जाळीतून तो सहज जातो. फार मोठं भोकही सोयीचं नाही, कारण ते कानातल्यात आणि बांगडीत अडकतं. माझ्या मते ६ ते १० मिलिमीटरचं घर स्कार्फला योग्य.

दोरा निवडायची वेळ आता आली. प्रमाणित हवामानात १०० ग्रॅम कोरडा कापूस हवेतलं सुमारे साडेआठ ग्रॅम पाणी बाष्परूपात शोषून घेतो आणि तरी हाताला ओला लागत नाही. जवसाच्या खोडाच्या, म्हणजे लिननच्या तंतूची क्षमता आणखी जास्त, सुमारे १२ ग्रॅम. ॲक्रिलिक दोन ग्रॅमच्या आत अडखळतं, पॉलिस्टर अर्ध्या ग्रॅमलाही पोचत नाही. स्वस्त ॲक्रिलिक लोकरीचा उन्हाळी स्कार्फ मानेला चिकट का लागतो, त्याचं बरंचसं उत्तर इथे आहे. चकाकणारा क्रोशाचा दोरा असतो तो मर्सराइज्ड सुताचा. जॉन मर्सर या इंग्रज रसायनज्ञाने १८४४ मध्ये सुतावर कॉस्टिक सोड्याची प्रक्रिया करून पाहिली. तंतू फुगून गोलसर होतो आणि रंग चांगला धरतो. पुढे १८९० च्या सुमारास होरेस लो यांनी सूत ताणून धरून तीच प्रक्रिया केली, तेव्हा त्याला आजची चमक आली. स्कार्फसाठी हा दोरा उत्तम: ताकद चांगली, टाके स्पष्ट दिसतात, धागा फुलत नाही. ‘बांबू’ म्हणून मिळणारा दोरा बहुतेक वेळा व्हिस्कोस असतो. तो सुळसुळीत आणि गार लागतो, पण भिजल्यावर व्हिस्कोसची ताकद बरीच घटते. कापसाची उलट वाढते. सारखा घामेजणारा आणि सारखा धुवावा लागणारा कपडा सुतीच बरा.

कापसाचा एक दोषही लक्षात ठेवावा. लोकरीसारखा तो ताणून परत येत नाही. चौकोनी जाळी तिरकी ओढली की घरांचे समभुज चौकोन होतात, दोरा स्वतः न ताणताही. अंगावर छान पडते ती याच गुणामुळे, आणि स्वतःच्या वजनाने लांबतेही याच गुणामुळे. म्हणून विणायला घेण्याआधी १५ सेंटिमीटरचा नमुना तुकडा करा, धुवा, दोरीवर टांगून वाळवा आणि मगच मोजा. स्कार्फ पूर्ण झाल्यावर तो भिजवून, पिळून न काढता, जाड टॉवेलवर टाचण्यांनी ताणून वाळवायचा. कापसाच्या सेल्युलोज रेणूंमधले हायड्रोजन बंध पाण्याने सुटतात आणि वाळताना नव्या जागी बसतात. सुती सदऱ्याला पाणी शिंपडून इस्त्री करताना हेच घडतं. चुरगळलेली जाळी टाचण्या काढल्यावर सपाट, उघड्या घरांची दिसते. पुढच्या धुण्यात बंध पुन्हा सुटतात, तेव्हा हे पुन्हा करावं लागतं.

आता उन्हाचा प्रश्न. कपड्यातून अतिनील किरणांचा कितवा भाग आत येतो हे यूपीएफ या आकड्याने सांगतात. ५० यूपीएफ म्हणजे पन्नासावा भाग. जाळीत ३६ टक्के जागा मोकळी असेल आणि दोऱ्याने बाकीचे सगळे किरण अडवले असं धरलं, तरी आकडा तीनच्या वर जाऊ शकत नाही. ६४ टक्के मोकळ्या जाळीत तो दोनच्याही खाली. दोन पदर घेतले तर थोडी सुधारणा होते, पण वारा कमी होतो. ज्या भोकातून वारा येतो त्यातूनच ऊन येतं, आणि या अडचणीवर कोणत्याही दोऱ्याकडे उपाय नाही. वाळवंटातल्या माणसांनी वेगळी वाट काढली आहे. बेदुइन लोकांच्या काळ्या झग्यांवरचा एक अभ्यास १९८० साली ‘नेचर’मध्ये आला. काळं कापड पांढऱ्यापेक्षा जास्त तापतं खरं, पण झगा सैल असल्याने आत खेळणारी हवा ती जादा उष्णता त्वचेपर्यंत पोचू देत नाही, असं त्यात आढळलं. तिथे कापड अखंड असतं आणि वारा कापडाच्या आतल्या बाजूने फिरतो.

आपल्याकडे याचा अर्थ जागा आणि वेळ पाहून लावावा लागेल. मुंबई, रत्नागिरी, पणजी इथे मे महिन्यात पारा बहुधा ३३-३४ च्या आसपास असतो, त्वचेपेक्षा जरा खालीच. हवेत दमटपणा भरपूर, त्यामुळे घाम वाळत नाही आणि वाऱ्याची प्रत्येक झुळूक मोलाची ठरते. तिथल्या संध्याकाळी, लग्नाच्या मांडवात, लोकलच्या खिडकीत खांद्यावर मोकळा सोडलेला सुती जाळीचा स्कार्फ अगदी योग्य. तोच पुण्यात भर दुपारी दुचाकीवर चेहऱ्याला गुंडाळला तर ऊन अडत नाही. आणि विदर्भात पारा ४५ ला टेकतो तेव्हा हवाच त्वचेपेक्षा दहा अंशांनी तापलेली असते. वारा उष्णता नेण्याऐवजी आणून टाकतो. नागपूर-चंद्रपूरला दुपारी बाहेर पडताना क्रोशाची जाळी घरी ठेवा आणि घट्ट विणीचा सुती दुपट्टाच डोक्याला, कानांना बांधा.