पडसे व घरगुती उपचार : परिणामाच्या कसोटीचा प्रश्न

पडसे हा आपोआप बरा होणारा विकार आहे आणि त्यावरील उपचारांची परीक्षा करणाऱ्यापुढील सर्वांत मोठी अडचणही हीच आहे. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्याचा जोर कळसास पोहोचतो. पुढे तो ओसरू लागतो आणि सात ते दहा दिवसांत बहुतेक रोगी बरे होतात. खोकला तेवढा कित्येकदा दोन-तीन आठवडे रेंगाळतो. घरोघरी सुंठ-मिऱ्यांचा काढा उकळू लागतो तो बहुधा त्रास असह्य झाल्यावर, म्हणजे तिसऱ्या दिवसाच्या सुमारास. चौथ्या दिवशी उतार पडला की त्याचे श्रेय काढ्यास मिळते. उपाय 'लागू पडला' हा अनुभव खोटा नसतो. त्यावरून काढलेला कार्यकारणसंबंध मात्र असिद्धच राहतो.

हा गुंता सोडवावयाचा तर दोन प्रश्न वेगळे केले पाहिजेत. उपायाने रोगाचा काळ कमी होतो काय, हा एक. आणि रोग आपल्या गतीने जात असता रोग्यास आराम पडतो काय, हा दुसरा. रोगास स्वतःची गती असते, ही कल्पना प्राचीन वैद्यकासही अपरिचित नव्हती. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रातील 24वा अध्याय प्रतिश्यायाच्या चिकित्सेस वाहिलेला आहे. पडसे पिकले नसेल तर स्वेदन, उष्ण आहार आणि दुधाबरोबर आले. पिकून घट्ट झाले की शिरोविरेचन, असा अवस्थाभेद तेथे केलेला आहे.

आधुनिक काळात इंग्लंडमधील सॉल्झबरी येथे पडशाच्या संशोधनासाठी एक स्वतंत्र केंद्र 1946 ते 1990 पर्यंत चालले. स्वेच्छेने आलेल्या निरोगी व्यक्तींपैकी काहींच्या नाकात विषाणुयुक्त द्राव, तर काहींच्या नाकात विषाणुरहित द्राव सोडीत. कोणास काय मिळाले हे त्या व्यक्तीस ठाऊक नसे आणि तपासणाऱ्या डॉक्टरासही नसे. विषाणू मिळालेल्या सर्वांनाच पडसे होत नसे. दोन-चार माणसांच्या अनुभवावरून उपायाची पारख का करता येत नाही, हे एवढ्या एका निरीक्षणावरून उमगते. पडसे उत्पन्न करणारे विषाणू दोनशेहून अधिक आहेत. जिवाणूंवर चालणारी प्रतिजैविके येथे निरुपयोगी ठरतात, आणि दुकानात मिळणारी पडशाची औषधेही लक्षणांपुरतीच असतात. तेव्हा 'औषध की घरगुती उपाय' हा वाद वाटतो तितका खोल नाही; दोन्ही बाजूंचे काम बव्हंशी आराम देण्याचेच आहे.

आराम म्हणजे नेमके काय, याचा एक उद्बोधक प्रयोग 2008 मध्ये प्रसिद्ध झाला. वेल्समधील कार्डिफ येथे पडसे झालेल्या 30 जणांना फळांच्या रसाचे एकच पेय, काहींना गरम व काहींना साधे, देण्यात आले. नाकातून वाहणाऱ्या हवेचे मोजमाप केले असता गरम पेयाने त्यात फरक पडला नाही. परंतु शिंका, खोकला, वाहणारे नाक यांचा त्रास कमी वाटल्याचे गरम पेय घेणाऱ्यांनी सांगितले. पुदिन्यातील मेंथॉलची गोष्टही अशीच आहे. थंडाव्याची जाणीव करून देणारे मज्जातंतू त्याने उद्दीपित होतात आणि नाक मोकळे झाल्यासारखे वाटते. मार्ग रुंदावलेला नसतो. याला भ्रम म्हणून हिणवणे योग्य नव्हे. रात्री झोप लागली, हा रोग्याच्या दृष्टीने खराच लाभ आहे.

काळ कमी होण्याविषयीचा पुरावा तुटपुंजा आहे. लायनस पॉलिंग यांच्या 1970 मधील पुस्तकाने क जीवनसत्त्वाचा मोठा बोलबाला झाला. पुढील अनेक चाचण्यांचा एकत्रित विचार करता, ते रोज नियमाने घेणाऱ्या प्रौढांचे पडसे सुमारे 8 टक्क्यांनी लवकर सरते. पडसे सुरू झाल्यावर घेतल्यास निश्चित लाभ दिसत नाही. एडिंबरा येथील 2019 मधील एका लहान चाचणीत मिठाच्या पाण्याने नाक धुणाऱ्या व गुळण्या करणाऱ्यांचे पडसे सुमारे दोन दिवस आधी बरे झाले. जलनेती करणाऱ्यांस हे वाचून समाधान वाटेल. तथापि आपण नाक धूत आहोत हे धुणाऱ्यापासून लपविता येत नाही, आणि ही अडचण केवळ संख्या वाढवून दूर होणारी नाही.

निसर्गाचे म्हणून सारे निरुपद्रवी, हा समज मात्र घातक आहे. वाफाऱ्याचा लाभ चाचण्यांत सातत्याने दिसलेला नाही, आणि उकळत्या पाण्याचे भांडे कलंडून मुले भाजल्याचे प्रसंग वैद्यकीय नियतकालिकांत वारंवार नोंदविले गेले आहेत. मधाने मुलांचा खोकला काहीसा शमतो. परंतु एक वर्षाखालील अर्भकास तो मुळीच देऊ नये, कारण मधात बॉट्युलिझम या प्राणघातक विकारास कारण होणाऱ्या जिवाणूंची बीजाणुरूपे असू शकतात. श्वास लागणे, छातीत दुखणे, उतरलेला ताप पुन्हा चढणे ही लक्षणे दिसल्यास रोगी वैद्यकीय तपासणीसाठी नेला पाहिजे. तेथे काढ्याची वाट पाहू नये.

राहता राहिला खुद्द काढा. एका घरी तो सुंठ-मिऱ्यांचा, दुसऱ्या घरी गवती चहा व तुळशीचा, तिसऱ्या घरी आल्याचा; गूळ किती आणि आटवावयाचा किती, याचे प्रमाण ज्याचे त्याचे. त्याची चाचणी घेऊ इच्छिणाऱ्या संशोधकास कोणता काढा तपासावयाचा, हे प्रथम ठरवावे लागेल.