हाडे गप्प, चुली बोलक्या

सन १७८९ च्या एप्रिल महिन्यात सिडनी बंदराच्या खाड्यांमधून होडीने जाणाऱ्या इंग्रजांना किनाऱ्यावर मृतदेह दिसू लागले. कुणी खडकाच्या कपारीत, कुणी विझलेल्या शेकोटीशेजारी, कुणी पाण्याच्या कडेला पडलेले. अंगावर फोड होते. देवीची साथ ओळखायला त्या काळी वैद्य असण्याची गरज नव्हती. इंग्रज कैद्यांचा पहिला ताफा तिथे उतरून जेमतेम पंधरा महिने झाले होते. ऑस्ट्रेलियाच्या मूळ रहिवाशांची या भागातली निम्मी वस्ती या साथीत गेली, असा अंदाज खुद्द गव्हर्नर फिलिप यांनी लिहून ठेवला आहे. कॅडिगल नावाच्या टोळीत तर तीनच माणसे उरली.

गोऱ्या वसाहतीतली मुले मात्र या साथीतून सुटली. वसाहतीतून बळी गेला तो एकाच खलाशाचा, आणि तोही गोरा नव्हता, उत्तर अमेरिकेचा मूळ रहिवासी होता. अराबानू नावाच्या एका तरुणाला गव्हर्नरच्या माणसांनी डिसेंबर १७८८ मध्ये पकडून आणले होते. आजारी पडलेल्या आपल्या लोकांपैकी नानबरी नावाचा मुलगा आणि बूराँग नावाची मुलगी या दोघांची शुश्रूषा त्याने केली. ती दोघे वाचली, अराबानू मे महिन्यात देवीनेच गेला. गव्हर्नरच्या बागेत त्याला पुरले. त्या पहिल्या सरकारी निवासाचा पाया १९८३ मधल्या उत्खननात सापडला. आज तिथे संग्रहालय उभे आहे.

दोन मानवसमूह पहिल्यांदा समोरासमोर येतात तेव्हा नेमके काय घडते, हे जमिनीतून शोधून काढणारी पुरातत्त्वशास्त्राची एक शाखाच आहे. डॉक्टर म्हणून मला तिच्यात रस वाटतो, कारण तिचे अर्धे प्रश्न आमच्याच विषयातले आहेत. पहिला प्रश्न असा: एवढी मोठी साथ येऊन गेली, तर सांगाड्यांवर तिची खूण का दिसत नाही?

याचे उत्तर साधे आहे. देवी हा कातडीचा आणि रक्ताचा आजार, आणि माणूस दोन आठवड्यांच्या आत मरतो. हाडाला आजाराची नोंद ठेवायला महिने लागतात. क्षय, महारोग, यॉज यांसारखे रेंगाळणारे आजार हाडावर लिहून ठेवतात. पटकी, देवी, फ्लू हे लिहीत नाहीत. देवीतून वाचलेल्या मुलांपैकी शंभरात दोन ते पाच जणांच्या सांध्यांत, विशेषतः कोपरात, हाडाला सूज येऊन कायमचे व्यंग राहते. पण ही खूण वाचलेल्यांची. मेलेला माणूस हाडावर काहीही न लिहिता जातो. म्हणून मानवजातीच्या सर्वांत भयंकर साथी सांगाड्यांच्या अभ्यासात जवळजवळ अदृश्य असतात. एखाद्या काळातली हाडे निरोगी दिसली की लोक निरोगी होते असे समजणे किती धोक्याचे, हे यावरून कळावे.

दुसरा प्रश्न: ही देवी आली कुठून? हा वाद आजही मिटलेला नाही. देवीचा जंतू अंगात शिरल्यापासून ताप येईपर्यंत साधारण बारा दिवस जातात, आणि माणूस एक तर मरतो किंवा कायमचा सुरक्षित होतो. इंग्रजांचा प्रवास आठ महिन्यांचा. एखादा रोगी जहाजावर चढला असता तरी साथ समुद्रातच संपली असती. म्हणजे जिवंत माणसाने तो रोग सिडनीत आणला असण्याची शक्यता नाही. मात्र ताफ्यातल्या शल्यवैद्यांनी देवीच्या फोडातले द्रव्य बाटल्यांत भरून नेले होते. त्या काळी लस नव्हती, निरोगी माणसाला खऱ्या देवीचेच द्रव्य टोचून सौम्य आजार आणत. वॉटकिन टेंच या अधिकाऱ्याने हे स्वतःच नोंदवले आहे, आणि त्यातून साथ आली असे म्हणणे विचारातही घेण्याजोगे नाही, असे लगोलग बजावलेही आहे. इतक्या घाईने दिलेल्या खुलाशाने माझा तरी संशय वाढतो. हॉलंडमध्ये प्रयोगशाळेत खोलीच्या तापमानाला ठेवलेल्या देवीच्या खपल्यांत तेरा वर्षांनंतरही जिवंत विषाणू सापडला होता. विषुववृत्त ओलांडताना झालेल्या उष्णतेने बाटलीतला जंतू मेला असेल असे काही अभ्यासक म्हणतात. असेलही. पण शक्यताच नाही असे म्हणता येत नाही.

दुसरी वाट उत्तरेकडची. सध्याच्या इंडोनेशियातल्या मकासर बंदरातून खलाशी मोसमी वाऱ्यावर दरवर्षी ऑस्ट्रेलियाच्या उत्तर किनाऱ्याला येत. समुद्रकाकडी गोळा करत, लोखंडी कढयांत उकळत, धुरावर वाळवत आणि चिनी बाजारात विकत. त्यांच्या दगडी चुलींच्या रांगा, खापरे आणि त्यांनी खाऊन टाकलेल्या चिंचोक्यांतून उगवलेली चिंचेची झाडे आजही तिथे आहेत. वेलिंग्टन डोंगररांगेतल्या जुलिरी या खडकआश्रयात अशा एका होडीचे चित्र आहे. त्या चित्रावर मेणाची एक आकृती चिकटवलेली आहे आणि तिचे वय काढले तेव्हा ती १६६४ च्या आधीची निघाली. म्हणजे होडीचे चित्र त्याहूनही जुने. इंग्रज येण्याच्या सव्वाशे वर्षे आधी या लोकांची बाहेरच्या जगाशी ओळख होती. मकासरहून येणारा प्रवास साधारण दहा-पंधरा दिवसांचा, म्हणजे देवीच्या सुप्तकाळाएवढाच. बंदर सोडताना ठणठणीत असलेला खलाशी किनाऱ्याला लागताना तापाने फणफणलेला असू शकतो. अडचण एवढीच की, तिथून सिडनी जवळजवळ तीन हजार किलोमीटर दूर, आणि मधली वस्ती विरळ.

आता टास्मानियाकडे वळू, कारण तिथे हाडांची एक वेगळीच कथा आहे आणि ती आमच्या व्यवसायाला शोभणारी नाही. १८६९ मध्ये होबार्टमध्ये विल्यम लॅनी हा मूळ रहिवासी वारला. त्या वेळी त्याला आपल्या लोकांतला शेवटचा पुरुष समजत. डॉ. विल्यम क्राउदर या शल्यवैद्याने रात्री शवागारात जाऊन त्याची कवटी काढून घेतली आणि तिच्या जागी दुसऱ्याची कवटी बसवली. इतरांनी हातपाय कापून नेले. क्राउदर यांना इस्पितळातून निलंबित केले गेले. दहा वर्षांच्या आत ते टास्मानियाचे प्रमुख मंत्री झाले. आपल्यालाही असेच करतील या भीतीने त्रुगानिनी ही वृद्धा शेवटपर्यंत विनवत राहिली. १८७६ मध्ये ती वारली. दोन वर्षांनी तिला उकरून काढले आणि तिचा सांगाडा १९४७ पर्यंत संग्रहालयात मांडून ठेवला. तिच्या अस्थींचे दहन होऊन रक्षा समुद्रात विसर्जित व्हायला १९७६ साल उजाडले. क्राउदर यांचा पुतळा होबार्टच्या चौकातून २०२४ मध्ये गेला. कवट्या मोजण्याच्या त्या शास्त्रातून एकाही रोग्याला एकाही दिवसाचा आराम मिळाला नाही. मूळ रहिवासी आज आपल्या पूर्वजांची हाडे परत मागतात तेव्हा विज्ञानाचे नुकसान होईल अशी ओरड करणाऱ्यांनी हा इतिहास आधी वाचावा.

हाडे बाजूला ठेवली तरी जमिनीत पुष्कळ काही उरते. टास्मानियातल्या लोकांना पकडून फ्लिंडर्स बेटावर वायबालेना इथे नेऊन ठेवले होते, १८३३ ते १८४७. या चौदा वर्षांत शंभराहून अधिक माणसे मेली, बहुतेक छातीच्या विकारांनी. १८४७ मध्ये उरली ४७. ज्युडी बर्मिंगहॅम यांनी १९६९ ते १९७१ या काळात तिथे उत्खनन केले. त्या लोकांना विटांच्या एका रांगेतल्या खोल्यांत राहायला लावले होते. उघड्यावर झोपणारी, सतत जागा बदलणारी माणसे एकाएकी भिंतींआड दाटीवाटीने कोंबली, तर एकाच्या खोकल्यातला जंतू सगळ्यांच्या फुप्फुसात जायला कितीसा वेळ लागणार? आमच्या क्षयाच्या ओपीडीत रोज हाच हिशेब समोर येतो. मात्र घरांभोवतीच्या उकिरड्यात शिकारीच्या रानप्राण्यांची हाडे निघाली. पीठ-मिठाचा शिधा हातात पडत असतानाही ही माणसे रानात जाऊन आपले अन्न आणत होती. सरकारी कागदांत मुकाट धर्म आणि शिस्त शिकणारी दिसतात, उकिरड्यात तशी दिसत नाहीत.

मुख्य भूमीवरही तेच. १८७२ मध्ये अ‍ॅडलेडपासून डार्विनपर्यंत तारेची लाइन टाकली, तेव्हा खांबांवरच्या चिनी मातीच्या वाट्या फोडून तिथल्या लोकांनी भाल्याची टोके केली. किंबर्लीत बाटलीच्या काचेतून इतकी नाजूक टोके घडवली की पाहत राहावे. नवी वस्तू त्यांनी आपल्या पद्धतीने वापरली. नवे अन्न मात्र त्यांच्या पद्धतीने चालणारे नव्हते. मिशन आणि गुरांच्या वाड्यांवर मजुरीऐवजी मिळे मैदा, साखर, चहा, तंबाखू. पिढ्यान्‌पिढ्या हेच खाल्ल्यावर काय झाले ते आज त्यांच्यातल्या मधुमेहाच्या प्रमाणात दिसते.

याच किंबर्लीत, डर्बी गावाजवळच्या वस्तीतले दहा मधुमेही १९८२ मध्ये डॉ. केरिन ओडी यांच्यासोबत सात आठवडे आपल्या जुन्या मुलखात जाऊन राहिले. कांगारू, मासे, पक्षी, रानकंद, मध, जे मिळेल ते. दिवसाला सुमारे १२०० कॅलरी, आणि त्या मिळवायला पायपीट. सरासरी वजन आठ किलोंनी उतरले. उपाशीपोटीची साखर साधारण २०९ वरून ११९ वर आली. कांगारूच्या मांसात चरबी फारच कमी असते, हे इथे लक्षात घ्यायला हवे. आपल्याकडच्या मटणाच्या रश्श्याला हा निकाल लावू नये.

आणि हा लेख वाचून कुणी आपल्या गोळ्या किंवा इन्सुलिन परस्पर बंद करू नये. त्या सात आठवड्यांत डॉ. ओडी सोबत होत्या.