मोटर चिमुकली, हिशेब मात्र तोच



बेणे किंवा खताच्या मात्रा बाजूला ठेवून या खेपेस आम्ही करंगळीएवढ्या मोटरींविषयी लिहीत आहोत, याचे काहींना नवल वाटेल. पण निमित्त आपल्या घरातलेच आहे.

लागणीच्या नोंदी घेण्यासाठी आम्ही गोदाकाठच्या एका गावी गेलो होतो. सभासदाचा आठवीतला मुलगा ओट्यावर तोंड पाडून बसला होता. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी उसाच्या सरीतून आपोआप चालणारा छोटा यंत्रमानव करायचे त्याने मनावर घेतले होते. पुठ्ठ्यावर दोन चाके, बॅटरी, तारा. सगळे होते, पण गाडी हलेना. वडील वैतागून म्हणाले, "साहेब, तुम्हीच समजावा त्याला. तीन मोटरी जाळल्या. आता हा खेळ बंद!"

आम्ही सहज विचारले, "नाना, विहिरीवरची मोटर यंदा किती वेळा भरून आणली?"

नाना जरा थांबले. मग म्हणाले, "दोनदा."

बापाची मोटर आणि लेकाची मोटर, दोन्ही जळण्यामागे एकच गोष्ट होती. मोटरीला झेपेल त्यापेक्षा जास्त ओझे पडले, की ती जादा करंट ओढते, तार तापते आणि तारेवरचा वॉर्निशचा लेप जळतो. विहिरीवर व्होल्टेज पडले की हे होते; पोराच्या गाडीत चाक अडले की होते. चाक पूर्ण अडले तर छोटी मोटर नेहमीच्या कितीतरी पट करंट खाते. एक-दोन मिनिटांत तिचा धूर निघतो.

आमचे शिक्षण शेतीचे. म्हणून कारखान्याच्या वर्कशॉपमधील वायरमनला दाखवले. त्यांनी पाहताक्षणी चूक सांगितली. मुलाने मोडक्या खेळण्यातील मोटरी काढून त्यांच्या दांड्यावर थेट चाके बसवली होती. ३ व्होल्टची अशी मोटर मिनिटाला आठ-दहा हजार फेरे घेते. वेग भरपूर, जोर काहीच नाही. शर्यतीचा बैल कोणी नांगराला जुंपत नाही. इगतपुरीकडे भाताच्या चिखलणीला डांगी बैलच लागतो.

मग करायचे काय? आपल्या कारखान्यातच पाहा. मिलचा रोलर मिनिटाला जेमतेम चार-पाच फेरे घेतो. त्याला फिरवणाऱ्या यंत्राचे फेरे कितीतरी जास्त असतात. मध्ये गिअरबॉक्स असतो. तो वेग कमी करतो आणि त्या प्रमाणात जोर वाढवतो. ९,००० फेऱ्यांच्या मोटरीला ४८ला १ असा गिअर लावला, तर चाकाला सुमारे १८७ फेरे मिळतात, आणि घर्षणात जाईल ते वजा करता जोर चाळीसेक पट होतो.

मोटर निवडताना आधी ओझे मोजावे. मुलाची गाडी ३०० ग्रॅमची, चाक ४ सेंटीमीटर व्यासाचे. लांबीच्या निम्मी उंची असलेला चढ चढायचा, तर गाडी १५० ग्रॅम जोराने मागे ओढली जाणार. दोन मोटरींत ते वाटले, म्हणजे प्रत्येकीला ७५ ग्रॅम. चाकाची त्रिज्या २ सेंटीमीटर; ७५ गुणिले २, म्हणजे १५० ग्रॅम-सेंटीमीटर. माती, ढेकूळ, उतरलेली बॅटरी यांचा विचार करून दुप्पट, म्हणजे ३०० धरावे. आता वेग. चाकाचा एक फेरा म्हणजे साडेबारा सेंटीमीटर. सेकंदाला ३० सेंटीमीटर चालायचे तर मिनिटाला साधारण १४५ फेरे हवेत. हे दोन आकडे कागदावर लिहूनच दुकानात जावे.

बाजारात सध्या मिळणारे प्रकार असे:

१) पिवळ्या प्लॅस्टिकच्या गिअरची 'बीओ' मोटर. स्वस्त आणि शिकणाऱ्याला उत्तम. पण आकाराने मोठी.

२) 'एन-२०' मोटर. गिअरबॉक्स १२ बाय १० मिलिमीटरचा, वजन सुमारे १० ग्रॅम, गिअर धातूचे. एकाच आकारात निरनिराळ्या फेऱ्यांची मिळते, म्हणून आपला आकडा सांगूनच घ्यावी.

३) ९ ग्रॅमची सर्वो मोटर. ही ठरावीक कोनातच फिरते. चाकासाठी वापरायची तर उघडून आतल्या गिअरवरची अडवणारी खुंटी कापावी, कोन सांगणारा भाग मंडलातून सोडवून तिथे सारख्या मूल्याचे दोन रेझिस्टर जोडावेत. मग ती दोन्ही दिशांना अखंड फिरते. कोन मात्र तिला पुन्हा कळत नाही.

४) जुन्या मोबाईलमधली थरथरणारी मोटर. दांड्यावरचे एकांगी वजन हळूच काढले की फिरती मोटर मिळते. जोर अगदीच कमी. काडेपेटीएवढ्या, मोजक्या ग्रॅमच्या गाडीलाच चालते.

आणखी एक सांगणे. मोटरीची तार नियंत्रण पाटीच्या पिनेला थेट जोडू नये. पिन फार तर ३०-४० मिलिअँपिअर देते. मोटर त्याच्या अनेक पट ओढते आणि पाटी जळते. विहिरीवर जसा स्टार्टर, तसा मध्ये 'मोटर ड्रायव्हर' हवाच. लिथियमची फुगलेली बॅटरी मुलांच्या हाती देऊ नये.

मुलाने एन-२० जातीच्या दोन मोटरी घेतल्या. गेल्या रविवारी गाडी कोरड्या सरीतून वीसेक फूट चालली. ओल्या सरीत चाक रुतले. पण मोटर जळली नाही, कारण या वेळी अडताच त्याने बटण बंद केले. आता तो रुंद चाकाच्या मागे आहे. नाना बांधावर उभे राहून पाहत होते. निघताना हळूच म्हणाले, "साहेब, आमच्या स्टार्टरचा रिले एकदा वायरमनला दाखवायचा का?" आम्ही म्हटले, "दाखवायचाच!"

नीती आयोगाच्या अटल नावीन्य मोहिमेतून २०१६ पासून अनेक शाळांत सहावी ते बारावीच्या मुलांसाठी प्रयोगशाळा उभ्या राहिल्या आहेत. आपल्या शाळेत ती आहे का, याची सभासदांनी चौकशी करावी. नसेल तर घरातील मोडकी खेळणी भंगारात घालण्यापूर्वी मुलांच्या हाती द्यावीत. एखादी मोटर जळेल. ती का जळली, हे मात्र मुलाला जरूर विचारावे. उत्तर आपल्याही विहिरीवर उपयोगी पडेल.

— ऊस विकास अधिकारी